दुखणारा हात, न दुखणारे पाय

मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अलीकडे वाळू आणि त्याची बायको नवसाबाई यांचा छोटासा मळा होता. अर्ध्यात गुलाब, उरलेल्यात हंगाम बघून झेंडू नाहीतर शेवंती. फुलं वाळू पिकवायचा आणि हार नवसाबाई करायची. पहाटे तोडलेली फुलं ओट्यावर ओल्या गोणपाटावर पसरली की पंचवटीचा टेम्पो येईपर्यंत तिची सुई थांबत नसे. ओवताना ती फुलाकडे बघायचीही नाही. शेजारणीशी बोलता बोलता बोटांना देठ सापडायचा, दोरा ओढला जायचा, हार लांबत जायचा. गणेशवाडीच्या फुलबाजारात तिच्या घट्ट हाराला ठरलेलं गिऱ्हाईक होतं. लग्नाच्या तिथी आल्या की लोक आधी तिला सांगून ठेवत.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा जाणवलं, की सगळा हात घामाने निथळतो तेव्हाही कोपराखाली एक जागा कोरडीच राहते. जरा फिक्कट, रुपयाएवढी. पुढे ती पुरीएवढी झाली. खाज नाही, दुखणं नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी भर हंगामात दवाखान्यात जाणारी ती नव्हती. लांब बाह्यांचं पोलकं घातलं की विषय मिटत होता.

पुढच्या वर्षी सरकारी तपासणीची गाडी आली. शाळेच्या व्हरांड्यात बायका एकीमागे एक बसल्या. तपासणाऱ्या डॉक्टर पगारे पन्नाशीच्या असतील. सकाळपासून वाकून वाकून त्यांची पाठ धरली होती, मध्येच उभ्या राहून कंबर दाबत होत्या. त्यांनी नवसाबाईला डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, की पीस लागेल तिथे बोट ठेवा. नवसाबाईने मनगट दाखवलं, दंड दाखवला, गाल दाखवला. मग ती डोळे मिटून तशीच बसून राहिली.

"लावा ना बाई," थोड्या वेळाने ती म्हणाली.

बाईंनी केव्हाच लावलं होतं.

कुष्ठरोग, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नवसाबाईच्या माहेरी याला रक्तपिती म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना बायका पदर तोंडावर घेत. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं. औषध आहे, फुकट मिळतं, पुरतं घेतलं की आजार जातो, घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला घेऊन या. हात दुखला, बोटांत जोर राहिला नाही, तर थांबू नका, लगेच या. नवसाबाई मान हलवत राहिली. गोळ्यांचं पाकीट तिने फुलांच्या टोपलीत तळाशी घातलं आणि घरी आली.

तिने फक्त वाळूला सांगितलं. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "कोणाला कळू देऊ नको. आपली फुलं देवाला जातात."

त्यांची मुलगी साधना तेव्हा शाळेत जाणारी, बारा-तेरा वर्षांची. तिलाही सांगितलं नाही. पाकीट तांदळाच्या डब्यात राहू लागलं. घरातल्या बाकीच्यांना तपासायला नेण्याचं नवसाबाईने मनावर घेतलंच नाही. नेलं असतं तर चार जणांनी विचारलं असतं, कशाला गेला होता म्हणून.

गोळ्या सुरळीत चालू होत्या. चट्टा जरा उजळल्यासारखा वाटत होता. मग नवरात्राच्या तोंडावर तो अचानक तापला. लाल झाला, फुगून वर आला. कोपराच्या आतल्या बाजूला दोरीसारखी गाठ हाताला लागायला लागली, आणि तिथे नुसता धक्का बसला तरी करंगळीपर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. हातातून सुई पडू लागली. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवत होते, पण दसरा आठवड्यावर आला होता. सगळा झेंडू फुलून उभा होता, आणि दसऱ्याचा झेंडू दसऱ्यानंतर कोणी घेत नाही.

वाळूने साधा हिशेब मांडला. "औषध घ्यायच्या आधी तुला काय व्हत होतं? काही नाय. औषध सुरू झालं आन् हात दुखाया लागला. मग सोडून दे ते."

तिलाही ते पटलं. न दुखणारा आजार औषधाने दुखरा झाला, हे तर तिच्या अंगावरच दिसत होतं. तिने गोळ्या बंद केल्या, कोपराला चिंधी घट्ट बांधली आणि दसरा काढला. मग दिवाळी काढली. भाऊबीज झाल्यावर एका सकाळी तोंड धुवायला तिने ओंजळ धरली, तर पाणी गळून गेलं. पुन्हा धरली, पुन्हा गळलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून बसलं होतं. ओंजळ मिटत नव्हती. तिने एका हाताने तोंड धुतलं, चूल पेटवली, सगळ्यांचा चहा केला, आणि मग वाळूला म्हणाली, "आज दवाखान्यात चला."

डॉक्टर पगारे रागावल्या नाहीत. रागवायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता, किंवा अशा रागाचा उपयोग नसतो हे त्यांना माहीत झालं असावं. त्यांनी कोपराची नस बोटाने चाचपली, बोटांत कागद धरायला लावला. कागद त्यांनी ओढताच सुटून आला. नवसाबाईने विचारलं, औषधानेच असं झालं ना?

"नाही," त्या म्हणाल्या. "औषध जंतूला मारतं. हात तुमच्याच अंगाने दुखावला."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. या आजाराचा जंतू नसेच्या आत जाऊन लपतो. आपल्या रक्तात पेशी असतात, त्यांचं कामच असं जंतू शोधून संपवायचं. कित्येक दिवस त्यांना पत्ता नसतो, मग एके दिवशी लागतो, आणि त्या थव्याने नसेत घुसतात. जंतू मेलेला असला तरी त्याचे तुकडे मागे असतात, त्यांच्यावरही त्या तुटून पडतात. पण नस ही बारीक नळी, वर घट्ट सालपट. आत एवढी गर्दी झाली की फुगायला जागा नाही. पेशी जंतूला मारतात आणि त्याच झटापटीत नस चिरडली जाते. याला त्या रिअॅक्शन म्हणाल्या. ती औषध न घेताही येते, घेताना येते, संपल्यावरही येते. आता दुसऱ्या गोळ्या देते, त्या पेशींचा जोर आवरतील. पण आधीच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

"लवकर आला असता तर हात पुरा आला असता," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. "आता जेवढा येईल तेवढा."

सांगून झाल्यावर त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या वाळूकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. त्याला आत बोलावून उजेडाकडे तोंड करायला लावलं. त्याच्या कानाच्या पाळ्या जाड, तेल लावल्यासारख्या चमकत होत्या. भुवयांचे बाहेरचे केस गेले होते. नाक कधीपासून चोंदतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते तर कायमच. हातावर एक भाजल्याचा जुना डाग होता, तो कसा पडला हे त्याला सांगता येईना. बाईंनी कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचपट्टीवर नमुना घेतला. वाळूने हूं की चूं केलं नाही. त्याला काही लागलंच नव्हतं.

आठवड्याने दोघं परत गेली. वाळूच्या कानातल्या त्या एवढ्याशा नमुन्यात जंतूच जंतू निघाले होते. आजार त्याला कितीतरी वर्षांपासून होता. नवसाबाईला तो बहुतेक त्याच्याकडूनच आला होता.

वाळूला खरं वाटेना. "मला तर कधी काही झालं नाय बाई. नांगर धरतो, पाणी भरतो. माझं अंग दगडासारखं हाय."

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच्या अंगातल्या मोठ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारत नाहीत. मारा, असा हुकूम त्यांना दुसऱ्या पेशींनी द्यायचा असतो. तो हुकूमच त्याच्या अंगात सुटत नाही. मग गिळलेला जंतू त्या पेशीच्या पोटातच सुखाने वाढतो. भांडण नाही म्हणून सूज नाही, दुखणं नाही. सावकाश सगळ्या नसा बधिर होत जातात, आणि माणसाला वाटतं आपण दणकट आहोत.

नवसाबाईने ते ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे माझं अंग भांडलं म्हणून माझा हात गेला. आन् यांचं अंग गप बसलं, म्हणून हे धडधाकट?"

"आज तसं दिसतंय," बाई म्हणाल्या. "पुढे तसं राहायचं नाही."

परतताना पंचवटीच्या थांब्यावर वाळूने तिला चहा पाजला. कप तिने डाव्या हाताने धरला. तो खाली बघत म्हणाला, की माझ्यामुळे झालं हे. भांडायचं तर तेव्हा भांडता आलं असतं. तिच्या मनात बरंच होतं. गोळ्या सोड म्हणणारा तोच होता, आणि तपासायला न जाणारी ती होती. पण चहा गरम होता, आदल्या रात्रीची झोप झाली नव्हती, आणि घरी गेल्यावर गोणपाटावर शेवंती पडलेली होती.

"आता काय करायचं त्याचं," ती म्हणाली.

साधनाला तपासून आणलं. तिच्या अंगावर काही नव्हतं. एवढी वर्षं त्याच घरात, बापाच्या कुशीत झोपलेली पोर, पण ठिपका नाही. डॉक्टरीणबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. बहुतेक माणसांच्या पेशी हा जंतू आल्या आल्या निपटून टाकतात, त्या माणसाला पत्ताही लागत नाही, असं त्या म्हणाल्या. नवसाबाईला त्या दिवसात झालेला आनंद तेवढाच.

पुढची दोन वर्षं गोळ्यांत गेली. तिच्या नव्या गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं, आणि बाजारात बायका म्हणू लागल्या, अंगाने भरलीस गं, सुखात दिसतेस. वाळूच्या औषधाने त्याचा रंग काळपट तांबूस झाला. त्याला विचारणाऱ्यांना तो सांगे, उन्हाचं काम आहे. दुसऱ्या वर्षी त्याला ताप येऊ लागले आणि हातापायांवर लाल दुखऱ्या गाठी उठल्या. इतकी वर्षं गप बसलेल्या त्याच्या अंगात मेलेल्या जंतूंचा खच पडला होता, आणि त्यावर आता उशिराने, वेडंवाकडं काहीतरी सुरू झालं होतं. ज्याला कधी काही दुखलं नाही तो माणूस खाटेवर कण्हत पडला. नवसाबाई त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवी, शेतात पाणी भरी, आणि उरलेल्या वेळात हार ओवायला बसे.

हात निम्मा परत आला. दोन बोटं वाकडीच राहिली. सुई चिमटीत धरण्याचा जोर गेला तो गेलाच. तिने डाव्या हाताने ओवायची सवय केली. हार होई, पण सैल होई, आणि वेळ दुप्पट लागे. ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे वळली. मग ती सुटी फुलं तोलून विकू लागली.

आणखी एक काम तिच्या मागे लागलं. वाळूचे तळपाय पुरते बधिर झाले होते. तो गुलाबात दिवसभर फिरे, चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नसे, आणि संध्याकाळी तळव्यात काटे रुतलेले असत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज पाय बघा. म्हणून दिवे लागायच्या वेळी ती त्याचा पाय मांडीवर घेई आणि डाव्या हाताने काटे उपटे. तिच्या कोपरात अजून कळ यायची. त्याला काहीच होत नसे. तो वर आभाळाकडे बघत उद्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत राही. एकदा खोल गेलेला काटा निघेना, तेव्हा तिला रडू फुटलं. वाळू चमकून म्हणाला, "अगं, मला दुखत नाय." ती म्हणाली, मला दुखतंय.

नव्याण्णव साली साधनाला पाहायला सिन्नरकडचे लोक आले. मुलगी पसंत पडली, साखरपुड्याची बोलणी झाली, आणि मग निरोप येणं थांबलं. वाळूने पाहुण्यांना पाणी दिलं तेव्हा कोणीतरी त्याची भाजून झिजलेली बोटं पाहिली असावीत. साधना काही विचारत नव्हती, पण तिला सगळं कळलेलं होतं. तांदळाच्या डब्यात हात घालून ती लहानाची मोठी झाली होती.

दुसरं स्थळ नाशिक रोडचं. मुलगा कुंदन, विजेची कामं करणारा. त्याची आई तानुबाई विधवा, बोलायला सरळ. ती एकटीच घर बघायला आली. वाळूने त्या दिवशी मुद्दाम मळ्यातच थांबायचं ठरवलं होतं. नवसाबाईने चहा ठेवला आणि एकदम तिच्यासमोर बसून उजवा हात पुढे केला. तिने सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, औषध पुरं झाल्याचं सांगितलं, मुलीला काही नाही हे सांगितलं. नंतर लोक याला तिची हिंमत म्हणाले. ती म्हणायची, हिंमत कसली, मला लपवायचा कंटाळा आला होता. पाच-सहा वर्षं पदराखाली हात धरून खांदा भरून आला होता.

तानुबाईने चहा पुरा प्यायला. मग विचारलं, "हे तुम्ही नंतर सांगितलं असतं तर?"

"नंतर तुम्हाला कळलंच असतं. मग माझ्या पोरीला रोज ऐकावं लागलं असतं."

तानुबाई कप ठेवून उठली आणि गेली. आठ-दहा दिवस तिकडून काही आलं नाही, आणि नवसाबाईने ते स्थळही सोडून दिल्यात जमा केलं. तेवढ्यात डॉक्टर पगारे यांच्याकडून कळलं, की नाशिक रोडचा एक मुलगा येऊन गेला, बराच वेळ बसला. त्याने विचारलं होतं, एकाच घरात तिघं, एकाच हवेतली, मग तिघांचं तीन तऱ्हेचं कसं? बाईंनी त्याला समजावलं होतं, की जंतू एकच असतो, अंग वेगवेगळं असतं, आणि या मुलीचं अंग चांगलं. तो म्हणाला होता, मग झालं. त्या वैशाखात लग्न लागलं. मांडवातले हार नवसाबाईने बाजारातून आणले. स्वतःचे सैल हार तिला लेकीच्या गळ्यात घालायचे नव्हते.

सिंहस्थाच्या साली गोदावरीकाठी माणूस मावत नव्हता. फुलांना तेव्हासारखी मागणी मळ्याने कधी पाहिली नव्हती. दोघंही उजाडल्यापासून राबत, आणि संध्याकाळी पाय बघायचं राहून जाऊ लागलं. एक दिवस राहिलं, दोन राहिले, मग मोजलंच नाही. वाळूच्या अंगठ्याखाली जखम झाली, ती आत आत गेली, हाडाला लागली. त्याला वेदना नव्हती, म्हणून तो चिखलात उभा राहून पाणी भरत होता. नवसाबाईला आधी वास आला, मग पाय दिसला. दवाखान्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

तो घरी आल्यावर तिने दोन गडी बोलावले आणि सगळा गुलाब मुळासकट खणून काढायला लावला. वाळू ओट्यावर पट्टी बांधलेला पाय पुढे घेऊन बसला होता. तो म्हणाला, पंधरा वर्षांची झाडं आहेत, हाच तर वर्षभर पैसा देतो. ती म्हणाली, मी आता काटे काढू शकत नाही. त्या जागी पुढे मेथी, कोथिंबीर, कधी निशिगंध लागला. उत्पन्न कमी झालं, पण संध्याकाळी अर्धा तास मोकळा मिळू लागला. त्या अर्ध्या तासात ती बहुतेक वेळा नुसती भिंतीला टेकून बसे.

डॉक्टर पगारे निवृत्त झाल्या. जायच्या आधी त्यांनी नवसाबाईला सांगितलं होतं, की बोटांची शस्त्रक्रिया होते, दुसरा स्नायू ओढून बसवतात, बोटं बरीच सरळ होतात. चिठ्ठीही देते म्हणाल्या. नवसाबाईने विचारलं, किती दिवस पडून राहावं लागेल? महिना-दोन महिने, नंतर व्यायाम. तेवढे दिवस यांचे पाय कोण बघणार, ती म्हणाली. हात तसाच राहिला.

दर काही महिन्यांनी दोघांना शहरात एका दवाखान्यात जावं लागे. तिथे बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला मिळत, पायाचं माप घेऊन. गर्दी असे, खिडकीवर नाव देऊन नंबर लावावा लागे. दोन हजार सातच्या थंडीत ती दोघं अशीच बाकावर बसली होती. नवसाबाई आदल्या दिवशी साधनाच्या बाळंतपणातून परतली होती, आणि परतल्यावर तुंबलेली मेथी जुडीला लावत बसली होती. बसल्या जागी तिचा डोळा लागला. मान हळूहळू वाळूच्या खांद्यावर आली, वाकड्या बोटांचा हात त्याच्या मांडीवर पडला.

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. वाळूने ऐकलं. उठायचं तर तिला हलवावं लागणार होतं. पुन्हा नाव पुकारलं, मग पुढच्या माणसाचं. तो बसून राहिला. मांडीवर तिच्या हाताचा भार त्याला नीट कळत नव्हता. तो खाली बघून खात्री करून घेई, की हात आहे. माणसं आत जात होती, नव्या चपला घालून जपून पावलं टाकत बाहेर येत होती. बाक हळूहळू रिकामा झाला.

तिला जाग आली तेव्हा खिडकी बंद झाली होती. ती दचकून उठली, पदर सारखा केला, आणि विचारलं, नंबर आला नाही का?

"आला व्हता," वाळू म्हणाला. "तू झोपली व्हतीस."

तिने बंद खिडकीकडे पाहिलं, त्याच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं. पुन्हा यायचं म्हणजे आणखी एक दिवस मोडणार होता.

"मग उद्या येऊ," ती म्हणाली, आणि उठून त्याला हात दिला, डावा.